तुझ्या आईला गिळायला शिकवताना

४ मार्च

खारूताई,

आशीर्वाद नेहमीइतकेच, त्यात कपात नाही. पत्र बघून दचकू नकोस, कुणालाही काही झालेलं नाही. फोनवर मी 'तुझी आई' एवढे दोन शब्द उच्चारले की तुझ्या दुकानात गिऱ्हाईक येतं. दर वेळी! इतकं गिऱ्हाईक खरंच येत असेल तर आनंद आहे, पण मला दाट संशय आहे. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पत्र काही मधेच बंद करता येत नाही. फार तर बाजूला ठेवशील, पण वाचल्याशिवाय तुला चैन पडायची नाही. फ्रॉकच्या खिशात शेंगदाणे भरून "आता नाही खाणार, उद्या खाईन" म्हणत झोपायच्या आत खिसा रिकामा करणारी तू. खारूताई हे नाव काय मी उगाच ठेवलं?

तर बातमी अशी की तुझी आई रिटायर झाली. बिस्किटांच्या कारखान्यात निरोपाचा कार्यक्रम झाला, मलाही बोलावलं होतं. पांढरे कोट घातलेली सगळी मंडळी रांगेत उभी. मॅनेजर म्हणाले, बाईंच्या जिभेवर आमचा कारखाना उभा आहे. टाळ्या झाल्या. मग तिनं केक कापला, एक घास घेतला, डोळे मिटून चघळला आणि हळूच कागदी रुमालात काढून टाकला. सगळे खो खो हसले. तिथं हसतात गं. तिथं सगळ्यांना ठाऊक आहे की दिवसभर चाखणारं माणूस गिळत बसलं तर दुपारपर्यंत त्याची जीभ मेली आणि संध्याकाळपर्यंत पोट गेलं. प्रत्येक भट्टीतलं बिस्कीट आलं की एक घास, चघळायचं, स्टीलच्या पेल्यात थुंकायचं, कोमट पाण्यानं चूळ भरायची आणि मगच बोलायचं. जन्म गेला तिचा त्यात.

हे तुला मी नव्यानं सांगतोय असं नाही. पण तुझ्या दुकानाच्या उद्घाटनाला जे झालं ते तू विसरली नाहीस आणि मीही नाही. दुकान भरून माणसं होती. पहिला केक कापून पहिला तुकडा तू तिच्या हातात दिलास, आणि तिनं तो चघळून रुमालात काढला. तू एप्रन सोडून फेकलास नि सगळ्यांदेखत म्हणालीस, "माझ्या हातचं गिळवत नसेल तर माझ्या दारात येऊ नकोस." ती वळली आणि सरळ बसस्टॉपवर जाऊन उभी राहिली. तेव्हापासून तुम्ही दोघी गप्प, आणि मी मधल्या मधे दोन्हीकडून टपल्या खातोय.

आता माझा बेत ऐक. गिळलं पाहिजे म्हणालीस ना? ठीक आहे, गिळायला शिकवू. ती आता रिकामी, मी तर केव्हाचा रिकामा, आणि रिटायर ड्रायव्हरला नवराबायकोचा पास मिळतो. या शहरातल्या एकूण एक बसचा शेवटचा स्टॉप मला माहीत आहे आणि त्या स्टॉपवर खायला चांगलं काय मिळतं तेही. ड्रायव्हरला दुसरं असतं काय? बस लावायची, उतरायचं, खायचं, परत निघायचं. तर दर गुरुवारी एक शेवटचा स्टॉप. पुरता घास गिळायला लागली की तिला घेऊन तुझ्या दारात उभा राहतो की नाही बघ.

तिला यातलं काही बोललेलो नाही. नुसतं म्हटलं, "चल, फिरून येऊ." तर म्हणाली, "आज सूर्य कुठून उगवला?"

हे पाकीट मी पेन्शन ऑफिसला म्हणून टाकतोय. उत्तर लिहिलंस तर डेपोच्या कॅन्टीनच्या पत्त्यावर पाठव. तिथला कॅन्टीनवाला आपला माणूस आहे.

तुझा बाबा

१३ मार्च

खारूताई,

पहिला धडा सपशेल नापास.

मोठ्या हॉस्पिटलच्या फाटकासमोर ऑम्लेट-टोस्टची गाडी आहे. ड्युटी सुटलेल्या नर्सा उभ्या उभ्या खातात, पेशंटचे नातेवाईक कठड्यावर बसून खातात आणि डॉक्टर लोक गाडीतून न उतरता हॉर्न वाजवतात. ऑम्लेटवाला मला बघून तिकडूनच ओरडला, "ड्रायव्हरसाहेब! तुम्ही गेलात असं ऐकलं होतं!" म्हटलं, "गेलोच होतो, भूक लागली म्हणून परत आलो." मग मागं तुझी आई दिसली तसा एकदम सभ्य झाला आणि फळकुट पुसायला लागला.

तिनं टोस्टचा कोपरा मोडला, त्यावर ऑम्लेटचा तुकडा ठेवला, तोंडात घातला आणि डोळे मिटले. तिचं ते डोळे मिटणं मला अजून आवडतं, तुला म्हणून सांगतो. मग डोळे उघडून इकडं बघते, तिकडं बघते. माझ्या लक्षात आलं, बाई पेला शोधतायत. म्हटलं, "गिळ." तिनं घास गालात धरूनच मान हलवली. म्हटलं, "अगं गिळ की! त्यात काय एवढं?" आवाज जरा चढला असेल. बसमध्ये "पुढं सरका" ओरडून ओरडून माझा आवाज कायमचाच तसा झालाय. शेजारची नर्स हातातला टोस्ट ठेवून म्हणाली, "आजोबा, जबरदस्ती करू नका, अडकेल घशात." तेवढ्यात तुझ्या आईनं रुमाल काढून काम उरकलंसुद्धा. वर ऑम्लेटवाल्याला म्हणते, "तेल आजचं नाही."

"कालचं आहे, बाई."

"कालचंही नाही."

तो बिचारा एवढंसं तोंड करून बसला. मग स्वतःहून लोण्यात दुसरं करून दिलं. पहिलंही मीच खाल्लं आणि दुसरंही मीच खाल्लं. टाकायचं कसं?

परत येताना ती खिडकीशी बसली. शाळा सुटलेली पोरं, छत्री दुरुस्त करणारा, भिंतीवर रंगवलेली साबणाची जाहिरात, सगळं वळून वळून बघत होती. जन्मभर याच शहरात राहिली, पण घर ते कारखाना आणि कारखाना ते घर. स्टॉप आला तेव्हा म्हणाली, "बरं वाटलं."

म्हटलं, "काय बरं वाटलं? खाल्लं तर काहीच नाहीस."

म्हणाली, "बाहेर बरं वाटलं."

तुझं उत्तर आलं नाही. गिऱ्हाईक असेल.

बाबा

२ एप्रिल

खारूताई,

कार्ड मिळालं. कॅन्टीनवाल्यानं आधी स्वतः वाचलं आणि मग मला दिलं, पण ते सोड. तू लिहितेस, "बाबा, हा काय पोरखेळ? तिला करायचं ते करू द्या. तुमची शुगर सांभाळा." बरं. आणि मग अगदी खाली, कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात लिहितेस, "तेव्हाचा केक कसा वाटला, ते ती कधी बोलली का?"

हे वाक्य तुला जाता जाता सुचलं असं तू दाखवतेस. अगं, मी बाप आहे तुझा. कार्ड तू त्या एका ओळीसाठी लिहिलंस, हे मला कळायला चष्मासुद्धा लागत नाही. दोन वर्षं दुकान चालवतेस, लोक तुझ्याकडं रांग लावतात, आणि तुला अजून तिचंच एक वाक्य हवंय.

तेव्हा विचारलं तिला. या गुरुवारी फेरीबोटीच्या धक्क्यावर गेलो होतो. तिथं तळलेल्या बटाट्याच्या सळ्या कागदाच्या पुड्यात देतात, वर मीठ नि लिंबू. वारा एवढा की मीठ बटाट्यावर कमी आणि शेजारच्यावर जास्त पडतं. आम्ही दोरखंड गुंडाळायच्या लोखंडी खुंटावर बसलो. मी अगदी सहज, बोटी मोजत असल्यासारखं म्हटलं, "काय गं, पोरीचा तो केक कसा होता?"

ती म्हणाली, "ते तिला सांगायचं. तुम्हाला नाही."

"का? मी कोण परका?"

"ज्यानं भट्टी लावली त्यालाच आधी सांगायचं. मग मॅनेजर, मग बाकीचे. आमच्यात तशी रीतच आहे. मधे ड्रायव्हर कशाला?"

"मग सांग की तिला!"

"ती थांबली का ऐकायला?"

दोघी एकाच मातीच्या. मी बटाटे खात बसलो. तेवढ्यात बोटीनं असला भोंगा दिला की तुझी आई ताडकन उडाली, आणि तोंडात होती ती सळी गिळून बसली! अख्खी! मी टाळ्या वाजवल्या. ती छातीवर हात ठेवून म्हणते, "मेले असते ना हो!" म्हटलं, "मेलीस तर पोट भरून मेलीस." मग तिलाही हसू फुटलं. हसता हसता दुसरी सळी उचलली आणि ती भोंग्याशिवाय गिळली.

शुगरचं म्हणशील तर शिकवणाऱ्यानं आधी करून दाखवावं लागतं. नाइलाज आहे.

बाबा

९ मे

खारूताई,

मास्तरांना शाबासकी पाठव. विद्यार्थिनी हाताबाहेर चालली आहे.

मध्यंतरी बागेच्या स्टॉपवर भाजलेलं कणीस झालं, कापडबाजाराच्या स्टॉपवर लोणी लावलेले गरम बन झाले. बन तिनं अर्धा खाल्ला आणि अर्धा पर्समध्ये ठेवला. मला वाटलं टाकून देईल. घरी आल्यावर बघतो तर स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून खातेय. मी काही न बघितल्यासारखं केलं आणि पंखा पुसायला घेतला.

आणि परवा कमालच झाली. कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका बाईंचं सूपचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार बाकं नि एक भलंमोठं पातेलं. वकील, कारकून, खटल्याला आलेले लोक, सगळे मांडीला मांडी लावून बसतात, वादी कोण नि प्रतिवादी कोण काही कळत नाही. सूपवाली बाई कुणालाच काय हवं ते विचारत नाही. एकच सूप, एकच पाव. तुझ्या आईपुढं वाटी आदळली नि पुढं गेली. आई वाटीत बघत बसली. मी मनात म्हटलं, आता हिला पेला लागणार. पण तिनं चमचा उचलला नि सुरू झाली. डोळे मिटले नाहीत, चघळलं नाही, काही नाही. समोरचा वकील त्याच्या सासूची तक्रार सांगत होता, ती ऐकत ऐकत वाटी संपवली. पावानं वाटी पुसली! मग सूपवालीकडं बघून वाटी पुढं केली, तिनं परत भरली.

मी म्हटलं, "अगं, मिरी जास्त नाही वाटली?"

तर माझ्यावरच डाफरली, "गप्प बसा हो, गरम आहे तोवर खाऊ द्या."

खारे, मला इतका आनंद झाला की मी बाहेर जाऊन उगाच उभा राहिलो. आता ती स्वतःच विचारते, या गुरुवारी कुठं? नवीन चपला घेतल्यात, चालायला बऱ्या म्हणून. गालही जरा भरलेत. मी तसं म्हटलं तर म्हणाली, "तुमचं पोट बघा आधी."

एक गोष्ट मात्र लिहावी की नको असं झालंय. येताना वाटेत एक केकचं दुकान लागलं. चांगलं मोठं, काचेचं, आत उंच उंच केक मांडलेले. मी सहज थांबलो. ती थांबली नाही. एवढी झपझप पुढं गेली की मला पळत गाठावं लागलं. सूप चालतं, बन चालतो, बटाटे चालतात. केक दिसला की पाय उचलते. असो. हळूहळू होईल.

आणि हो, मागचं पाकीट मी चिकटवत होतो तेव्हा म्हणाली, "पेन्शन ऑफिसला इतकी जाड पाकिटं लागतात?" म्हटलं, "सरकारी काम आहे, कागद जास्तच लागतात." तिनं पाण्याची वाटी पुढं सरकवली, तिकिटासाठी.

बाबा

१२ जून

खारूताई,

हे पत्र एका बैठकीत वाच. दुकान बंद कर वाटलं तर.

मी ठरवलं होतं की या गुरुवारी तिला विचारायचंच. आता भीती कसली? सगळं खाते, सगळं गिळते. तर प्राणिसंग्रहालयाच्या स्टॉपवर गेलो. दुपारची वेळ, झाडाखाली बाक, समोर आइस्क्रीमची गाडी. तिनं तिचा कोन संपवला, माझ्या कोनाचा खालचा कुरकुरीत भाग मागून घेतला, तोही संपवला आणि बोटं चाटत बसली. असं बोटं चाटताना मी तिला कधीच बघितलं नव्हतं. म्हटलं, हीच वेळ.

"चल," म्हटलं, "पुढच्या गुरुवारी लेकीकडं जाऊ. तू आता तयार झालीस."

"कशाला तयार झाले?"

मग मी सगळा बेत सांगून टाकला. गिळायची अट, शेवटचे स्टॉप, सगळं. वाटलं, चिडेल. ती खाली बघून हसली. म्हणाली, "मला काय कळत नव्हतं? तिसऱ्या पाकिटालाच कळलं. पेन्शन ऑफिसला कुणी खारूताई लिहितं का हो?"

दुकानाचा पत्ता मी तिच्या पाठीमागं लिहायचो, पण आतल्या कागदाचा पहिला शब्द उजेडात आरपार दिसतो म्हणे! पाकिटं तरी जाड घ्यायला हवी होती.

"मग चल की," म्हटलं.

"नको. तिथं नाही जमायचं मला."

"अगं सूप गिळलंस, बटाटे गिळलेस..."

"अहो, तुम्ही म्हणताय ती सवय होती खरी. हॉस्पिटलपाशी थुंकले ती सवयच. पण तिच्याकडं थुंकले ती सवय नव्हती."

मग ती जे बोलली ते जसंच्या तसं लिहितो, कारण माझ्या शब्दांत सांगायला गेलो तर मी बिघडवीन.

म्हणाली, "तिनं तुकडा दिला नि माझ्यासमोर उभी राहिली. नाकाला पीठ लागलेलं. लहानपणी निकालाच्या दिवशी उभी राहायची तशी, एका पायावरून दुसऱ्या पायावर. मी घास तोंडात घातला आणि मला काही कळेच ना. गोड नाही, खारट नाही, काहीच नाही, कागद चघळावा तसं. एवढी वर्षं असं कधी झालं नव्हतं. सर्दीतसुद्धा माझी जीभ चालायची. आणि हिच्याच वेळी? मला इतकं भरून आलं होतं हो. एवढंसं होतं ते पोर, आणि स्वतःचं दुकान! घसा असा आवळला की गिळलं असतं तर अडकलंच असतं, नाहीतर सगळ्यांसमोर हंबरडा फुटला असता. म्हणून काढलं. डोळे पुसून दोन मिनिटांनी परत घ्यावा म्हटलं, नीट घ्यावा. तर तोवर तिनं एप्रन फेकला होता."

म्हटलं, "अगं मग हे सांगायचं नाही का कुणाला?"

"काय सांगू? जिभेवर जन्मभर पगार खाल्ला आणि लेकीचा केक कळला नाही, असं सांगू? ती कसा होता विचारेल. मला नाही ना ठाऊक कसा होता."

आणि मग रडायला लागली. आइस्क्रीमवाला घाबरून कागदी रुमालांचा गठ्ठाच घेऊन आला.

म्हणजे बघ, मी मार्चपासून या बाईला शहरभर गिळायला शिकवत हिंडतोय आणि तिचं दुखणं गिळण्याचं नव्हतंच! मी म्हटलं, "मग मला आधी का नाही थांबवलंस? एवढं हिंडवलं तुला." तर नाक पुसत म्हणते, "का थांबवू? मजा येत होती की. इतक्या वर्षांत तुम्ही कधी कुठं नेलंत मला?"

तर खारूताई, आता तुझ्या हातात आहे. तू कार्डाच्या कडेला मुंगीएवढ्या अक्षरात जे विचारलंस त्याचं उत्तर तिच्याकडं नाही. आणि तिला परत तुझ्यासमोर उभी केली आणि तू हातात तुकडा दिलास तर परत तेच होणार, मी लिहून देतो. तिचा घसा आवळणार, ती रुमाल काढणार. मी कितीही स्टॉप फिरवले तरी त्यावर इलाज नाही. तू तिची लेक आहेस तोवर तिला तुझा केक कळायचा नाही. तेव्हा ती गिळण्याची अट तेवढी काढून टाक, बाळा. मला दोघींना एका खोलीत बघायचंय. एवढंच मागतो, दुसरं काही नको.

बाबा

२६ जून

खारूताई,

तू आत आहेस आणि मी बाहेर, तुझ्या दुकानातल्या कोपऱ्यातल्या टेबलाशी. हा कागदही तुझ्याच काउंटरवरचा आहे, केक गुंडाळायचा. आत तुम्ही दोघी भट्टीच्या दारावरून वाद घालताय, दार किती वेळ उघडं ठेवायचं म्हणून. दोघींचा आवाज इथवर येतोय. घाला, मला काही घाई नाही. म्हटलं तोवर लिहून ठेवावं, कारण आज जे झालं त्यातलं निम्मं तुला दिसलंच नाही. तू पाठमोरी होतीस.

तुझ्या कार्डावर एकच शब्द होता, "या." मी ते तिला दाखवलं. तिनं उलटून बघितलं, मागं आणखी काही आहे का म्हणून. मग कपाटातून चांगली साडी काढली.

बसमध्ये सगळा वेळ तिनं पुढच्या सीटचा दांडा धरून ठेवला होता. तुझा स्टॉप आल्यावर म्हणाली, "पुढच्यावर उतरू." मी ड्रायव्हरला खूण केली, त्यानं बस अशी थांबवून ठेवली की तिला उतरावंच लागलं. आमच्यात तेवढं चालतं. मग दुकानाबाहेर पाटी वाचत उभी राहिली. अक्षरं लावून लावून वाचत होती, जसं काही मोठं पुस्तकच आहे. तू काचेतून बघितलंस, हात पुसत बाहेर आलीस, आणि मग दोघी नुसत्या उभ्या. मला एक चांगला विनोद सुचला होता, पण मी तो गिळला.

दोन वर्षांनी पहिलं बोलायचं ते तुझी आई काय बोलली? "मला केक देऊ नकोस हं."

तू म्हणालीस, "नाही देत."

मला वाटलं, संपलं, आता पुढची बस कितीला आहे ते बघावं. आणि तू विचारलंस, "आई, भूक लागलीय का तुला?"

आता ऐक, तिचा चेहरा तुला दिसला पण त्याचा अर्थ तुला लागला नसेल, तो मी सांगतो. तिला हा प्रश्न कुणी विचारलेला मला आठवत नाही. मी नाही विचारला, कधीच. जो तो तिच्यापुढं ताट, ताटली, कागदाचा पुडा धरतो आणि कसं झालंय म्हणून तोंडाकडं बघत बसतो. मीसुद्धा तेच करत आलो, अगदी या गुरुवारपर्यंत. पोटाचं कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "लागलीय. सकाळपासून पोटात काही नाही."

तू तिला आत नेलंस. पीठ मळायच्या त्या लांब टेबलाशी स्टूल दिलंस. स्वतःचा जेवणाचा डबा काढलास, भात, उकडलेले बटाटे, एक अंडं. वर लोणी घालून गरम केलास, चमचा दिलास, आणि लगेच वळून नळाशी गेलीस, धुतलेल्या परातीच परत धुवायला. मी दारात उभा होतो. त्या परातींना काही लागलेलं नव्हतं, मी बघितलं. तू मुद्दाम पाठ केलीस. तिच्याकडं कुणी बघत नसलं की तिला जमतं, हे तुला त्या एका पत्रावरून कळलं आणि मला जन्मभर शेजारी बसून कळलं नाही. शाबास गं माझी पोर.

आता तुला न दिसलेलं सांगतो. पहिला घास तिनं तोंडात घातला आणि तिचे डोळे वाहायला लागले. रुमाल मांडीवरच होता. तिचा हात रुमालावर गेला. मी दाराची चौकट धरून उभा. मग तिनं तो हात उचलला आणि टेबलावर, सांडलेल्या पिठात, पालथा ठेवला. आणि गिळला घास. मग दुसरा. रडत होती आणि खात होती, दोन्ही एकदम, लहान पोरं खातात तसं. नाक ओढत होती, पण तू नळ मोठा सोडला होतास म्हणून तुला ऐकू आलं नसेल. बटाटा संपला, अंडं संपलं. डब्याला चिकटलेली शितं तिनं चमच्यानं खरवडून काढली. मी त्या बाईबरोबर अख्खं आयुष्य काढलंय, खरवडताना आजच बघितली.

मग तुझ्या पाठीकडं बघून म्हणाली, "आणखी आहे का गं?"

तू वळली नाहीस. नळ बंद केलास आणि म्हणालीस, "आहे."

बाबा